कचेरी सुटल्यानंतरची कमाई

आज ७ सप्टेंबर. १९५३ साली याच तारखेला बी. रघुनाथ गेले. वयाची चाळिशी नुकतीच पुरी झाली होती. त्यांच्या नावाने आज मराठवाड्यात रसिक जमतील, त्यांच्या कवितांवर, कादंबऱ्यांवर बोलले जाईल. ते व्हायलाच हवे. आम्हाला मात्र आज त्यांच्या दिवसाच्या कचेरीतल्या भागाबद्दल बोलायचे आहे. वाङ्मयाच्या इतिहासात त्याला एक ओळ मिळते आणि विषय पुढे सरकतो.

तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोन्यात जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी मॅट्रिक होऊन निजामाच्या बांधकाम खात्यात कारकून म्हणून लागले. कचेरीचा कारभार उर्दूत, पगार हाली शिक्क्यात, आणि लिहायचे मराठीत. राज्य बदलले, निजाम गेला, पण त्यांची कारकुनी सुटली नाही. सेवेत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. एवढ्या वर्षांत या माणसाने सात कादंबऱ्या, कथा, ललित लेख आणि मराठवाड्याला आजही आपली वाटणारी कविता लिहिली. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा संग्रह तर त्यांच्या माघारी आला. हे सगळे काम कचेरीच्या वेळेबाहेरचे. दिवसभर सरकारी कागद, आणि लेकरंबाळं निजल्यावर स्वतःचे कागद. घर चालायचे ते कारकुनीवर.

बी. रघुनाथांच्या परभणीत आजही हजारो माणसांचा दिवस असा दोन भागांत वाटलेला आहे. फरक इतकाच, की दुसऱ्या भागात आता पैसा मिळवावा लागतो. संध्याकाळी सहानंतर वसमत रोडने, नानलपेठेतून किंवा गांधी पार्काकडून एक फेरी मारावी. महाविद्यालयात सकाळी तास घेणारे सर एका खोलीत अकरावीची शिकवणी घेत असतात. सरकारी कार्यालयातला कंत्राटी संगणकचालक रात्री सेवा केंद्रावर पीकविम्याचे आणि भरतीचे अर्ज भरत असतो. खासगी शाळेतले शिक्षक कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसलेले दिसतात. एखादा कारकून दोन किराणा दुकानांची वहीखाती लिहितो. आशाताई दिवसभर वस्तीत फिरून आल्यावर शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवतात. भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या की सणाचा बाजार, दिवाळी आली की फराळाच्या ऑर्डरी, आणि एप्रिल-मेमध्ये लग्नसराईतली कामे. या माणसांना कोणी विचारले, तर ती ‘जरा जोडीला काहीतरी करतो’ एवढेच सांगतात, आणि तेही आवाज खाली घेऊन.

हा आवाज खाली का जातो, हा आमच्या आजच्या लिहिण्याचा विषय आहे.

आपल्या जिल्ह्यात नोकरी आणि जोडधंदा यांचे नाते मुंबई-पुण्यासारखे नाही. परभणीच्या बहुतेक नोकरदारांची मुळे शेतात आहेत. आजोबांच्या पिढीत शेती मुख्य होती आणि घरातल्या एखाद्याची मास्तरकी किंवा तलाठ्याची नोकरी ही तिला जोड होती. आता पारडे फिरले आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा अवघी १.३४ हेक्टर निघाली. तेवढ्या रानात सोयाबीन आणि कापूस घेऊन कुटुंब चालत नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये जाहीर झाला. मोंढ्यात माल घेऊन गेलेल्याला तो भाव किती वेळा मिळाला, ते त्यालाच विचारावे. म्हणून महिन्याच्या पगारातून बियाणे येते, खत येते, सोसायटीचे व्याज भरले जाते. नोकरदार मुलगा शेतीतून जादा कमावतो असे गावाला वाटते. प्रत्यक्षात अनेक घरांत पगारच शेतीला पोसतो, आणि मग पगारातली ती तूट भरून काढायला तिसरे काहीतरी शोधावे लागते. जिल्ह्यात मोठे कारखाने फारसे नाहीत. नोकरी म्हणजे शाळा, महाविद्यालय, कृषी विद्यापीठ, सरकारी कचेऱ्या, बँका, एसटी आणि दुकाने. त्यामुळे पगाराच्या प्रश्नात शासन आणि संस्थाचालक हे दोघेच बहुतेक ठिकाणी समोर येतात.

जादा कमाई करणाऱ्यांत दोन अगदी वेगळी माणसे आहेत, आणि आपण दोघांनाही एकाच तागडीत टाकतो, ही आमची तक्रार आहे. एकाला पहिल्या कामाचा पगार पुरेसा आणि वेळेवर मिळतो. त्याला घर बांधायचे आहे, मुलीला पुण्याला शिकायला ठेवायचे आहे, हाती एखादी कला आहे ती वापरायची आहे. दुसऱ्याला पहिल्या कामाचा पगारच मिळत नाही, किंवा मिळतो तो पगार म्हणण्यासारखा नसतो. पहिल्याला नियम हवेत. दुसऱ्याला त्याचा पगार हवा, बाकी सगळे नंतर.

दुसऱ्या माणसाबद्दल आधी बोलू, कारण मराठवाड्यात तो संख्येने थोडा नाही. ‘कायम विनाअनुदानित’ या तत्त्वावर राज्यात शाळा उघडल्या गेल्या तेव्हा शिक्षकाने खायचे काय, हा प्रश्न सरकारने संस्थेवर सोडला आणि संस्थेने शिक्षकावर. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला गेला. अनुदान प्रत्यक्ष सुरू व्हायला २०१६ उजाडले, आणि तेही वीस टक्क्यांपासून. पुढचा प्रत्येक टप्पा मिळवायला आझाद मैदानावर बसावे लागले. या मधल्या काळात तरुण म्हणून लागलेली माणसे चाळिशी ओलांडून गेली. त्यांनी वर्गात शिकवले, दहावीचे निकाल लावले, जनगणनेची आणि निवडणुकीची कामे केली, आणि उन्हाळ्यात हळद काढायला, वीटभट्टीवर हिशेब ठेवायला, चुलत्याच्या दुकानात बसायला गेली. अनुदानित शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागणाऱ्या प्राथमिक शिक्षकाचे मानधनही २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये होते. त्या वर्षी ते १६,००० झाले. डी.एड. झालेल्या, पात्रता परीक्षा पास झालेल्या माणसाला महिन्याला सहा हजार. एवढ्यात परभणीत दोन खोल्यांचे भाडे आणि किराणा भागवून दाखवावा.

महाविद्यालयांतली तासिका तत्त्वावरची प्राध्यापक मंडळी याच रांगेत उभी आहेत. पीएच.डी. झालेले, नेट-सेट झालेले लोक तासावर मोजले जातात. सुट्टी लागली की कमाई थांबली, परीक्षा सुरू झाल्या की कमाई थांबली, आणि झालेल्या तासांचे बिलही कधी सत्र संपल्यावर हातात पडते. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा प्राध्यापक आहे’ असे सांगतात तेव्हा मुलीकडचे पुढचा प्रश्न काय विचारतात, ते या घरांतल्या आईवडिलांना चांगले ठाऊक आहे.

आशा कार्यकर्तीची गोष्ट आणखी वेगळी. तिला शासन कर्मचारी म्हणतच नाही, स्वयंसेविका म्हणते. गरोदर बाईची नोंद, बाळंतपणाला दवाखान्यात सोबत, लसीकरण, साथीच्या दिवसांत घरोघर पाहणी, आणि आता त्या जोडीला मोबाइलवर भरायची माहिती. दिवसाचे काम पुरे होते, कागदावर मात्र ते अर्धवेळ. हातात पडणारे पैसे वाढावेत म्हणून २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशांना पुन्हा संपावर जावे लागले. तिने संध्याकाळी शिलाई केली किंवा सुगीत कापूस वेचायला गेली, तर त्याला जादा कमाई म्हणायला आमची जीभ धजत नाही. २०२१-२२ च्या एसटी संपातही हेच दिसले. पाच-सहा महिने पगार बंद. चालक-वाहकांनी भाजी विकली, रोजंदारी केली, दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. संप बरोबर होता की चूक, यावर तेव्हा रोज चर्चा झाली. वर्षानुवर्षे चाक हाती धरलेल्या माणसाच्या घरात दोन महिन्यांचीही शिल्लक नव्हती, ही गोष्ट त्या चर्चेत मागे पडली.

या लोकांना कायदा सांगायला जाणारेही भेटतात. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. हे कलम योग्यच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पूर्ण पगार घेणारा शिक्षक वर्गात धडा अर्धवट ठेवून तोच धडा संध्याकाळी पैसे घेऊन पुरा करत असेल, तर तो गरिबाच्या लेकराच्या हक्कावर हात टाकतो. त्याची गय करू नये. पण ज्या शिक्षकाला संस्था आणि शासन दोघांनीही पगार दिला नाही, त्याच्यापुढे हेच कलम नाचवणाऱ्याने आधी स्वतःचे देणे चुकते करावे. वेतन द्यायचे नाही, आणि माणसाने दुसरीकडे घाम गाळला तर त्याला शिस्तीचा बडगा दाखवायचा, हा अन्याय आहे.

आता पहिल्या माणसाकडे येऊ. त्याचा पगार बरा आहे, वेळेवर होतो, आणि त्याला अधिक कमवायचे आहे. यात लाजण्यासारखे काही नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत. त्यातला सोळावा नियम सांगतो की शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार किंवा नोकरी करता येणार नाही. साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाचे अधूनमधूनचे काम मात्र करता येते. अट एवढीच, की कर्तव्यात कसूर होता कामा नये. पत्नीच्या किंवा घरातल्या कोणाच्या नावावर विम्याची एजन्सी असेल आणि कर्मचारी तिच्यासाठी गिऱ्हाईक गोळा करत असेल, तर तोही नियमभंग धरला जातो. घरात कोणी धंदा करत असेल तर ते शासनाला कळवणेही बंधनकारक आहे. आपल्या कचेऱ्यांत हा नियम किती जणांनी वाचला आहे? आणि वाचून किती जणांनी परवानगीचा अर्ज केला आहे? अर्ज केला तर तो वर्षभर टेबलावर पडून राहील आणि साहेबाच्या हाती उगाच कोलीत मिळेल, ही भीती असते. म्हणून धंदा बायकोच्या नावाने, भावाच्या नावाने, मेहुण्याच्या नावाने चालतो. लपवलेल्या धंद्यावर कोणीही बोट ठेवू शकतो, आणि बोट ठेवणारा मग गप्प बसण्याची किंमत मागतो.

आमचे म्हणणे असे, की कामाच्या वेळेबाहेरची, हितसंबंध न गुंतणारी कामे परवानगीच्या जाचातून मोकळी करावीत आणि त्यांची फक्त नोंद घ्यावी. कार्यालयात एक वही असावी. कोण काय करतो ते त्यात लिहिलेले असावे आणि ती कोणालाही पाहता यावी. जिथे हितसंबंध गुंततात तिथे मात्र दार घट्ट बंद हवे. बियाण्यांची तपासणी करणाऱ्याच्या घरचे बियाण्यांचे दुकान नको. दाखले देणाऱ्याच्या भावाचे दाखले काढून देणारे केंद्र नको. व्यवसायरोध भत्ता घेणाऱ्या सरकारी डॉक्टरने संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यात बसू नये. तिथे प्रामाणिक जादा कमाई आणि टेबलाखालची कमाई यांतला फरक पुसला जातो, आणि बदनाम होतो तो रात्री बारापर्यंत वहीखाती लिहिणारा सरळ माणूस.

जोडीचा धंदा म्हणून आपल्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त बोलले गेले ते रेशीमशेतीबद्दल. तो धंदा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण नोकरदाराची जादा कमाई नेमकी कशी उभी राहते ते त्यात उघडे दिसते. एक-दोन एकरांत तुती लावायची. शेजारी संगोपनगृह, म्हणजे बाजूंना शेडनेट लावलेली शेड, आत लोखंडी कप्प्यांच्या रांगा. अंडीपुंज फुटल्यापासून दुसऱ्या कातेपर्यंत अळ्या चॉकी केंद्रात वाढतात. शेतकरी तिथून त्या घरी आणतो. तिथून पुढचे साधारण तीन आठवडे घरात नवे लेकरू आल्यासारखे असतात. तुतीच्या फांद्या कापून आणायच्या, कप्प्यांवर अंथरायच्या, दिवसातून दोन-तीन वेळा. पाला ओला चालत नाही, कोमेजलेला चालत नाही. अळ्या कातेवर बसल्या की खाणे बंद, वर चुना धुरळायचा. शेवटच्या अवस्थेत त्या इतक्या खातात की एकूण पाल्यातला बहुतांश वाटा त्याच दिवसांत संपतो. शेडमध्ये उभे राहिले तर पाला कुरतडल्याचा पावसाच्या सरीसारखा आवाज येत राहतो. उझी माशी आत शिरू द्यायची नाही. शेजाऱ्याने कापसावर फवारले आणि वारा आपल्याकडे असला, तर हाताशी आलेली बॅच एका दिवसात जाऊ शकते. मग अळ्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्याच्या जाळीवर चढतात, कोष विणतात, पाचव्या-सहाव्या दिवशी कोष काढले जातात. पूर्वी ते घेऊन कर्नाटकात रामनगरपर्यंत जावे लागे. २०१८ पासून जालन्याला कोषखरेदीचा बाजार आहे, आणि जिल्ह्यात पूर्णेलाही खरेदी होते. भाव मात्र कधी किलोला सहाशेच्या वर तर कधी तीनशेच्या आसपास.

गावात सांगितले जाते, की अमक्या सरांनी शाळा सांभाळून रेशीम काढले. सर पहाटे फांद्या कापतात, हे खरे. संध्याकाळी परत आल्यावर रात्रीचा पालाही टाकतात. पण सर दहा ते पाच शाळेत असतात तेव्हा दुपारचा पाला कोण टाकते? शेडचे पडदे उन्हाप्रमाणे वरखाली कोण करते? कातेवरच्या अळ्यांकडे कोण लक्ष ठेवते? त्यांची बायको, त्यांची आई, कधी भावजय. दुधाच्या धंद्यातही तेच. म्हशीची धार काढायला, वैरण-पाणी करायला, शेण काढायला घरातली बाई असते. डेअरीवर किटली घेऊन जाणारा आणि बँकेत खाते असणारा पुरुष असतो. घरगुती मसाले, पापड, शेवया, दिवाळीचे फराळ ही तर पूर्णपणे तिचीच मेहनत. नोकरदार पुरुषाची जादा कमाई म्हणून जी मोजली जाते, तिचा मोठा भाग त्या घरातल्या बाईचे बिनपगारी काम असते. आणि बाई स्वतः नोकरीत असेल, तर स्वयंपाक, लेकरे, म्हातारी माणसे हे दुसरे काम तिला कायमच लागलेले असते. त्यानंतरचे शिवणकाम किंवा शिकवणी हे तिसरे.

यावर उपाय अवघड नाही. कोषाचे, दुधाचे, मसाल्याचे पैसे तिच्या खात्यात जमा व्हावेत. शेडचे अनुदान तिच्या नावावर घ्यावे, सातबाऱ्यावर तिचे नाव लागावे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली होती. परभणी हा त्या संघटनेचा जिल्हा. इथल्या शिकलेल्या नोकरदाराला त्याहून मागे राहण्याचे कारण नाही.

गरज असली की फसवणारे वास काढत येतात, आणि सध्या त्यांचा सुळसुळाट आहे. ‘घरबसल्या दिवसाला दोन हजार’, ‘व्हिडिओला लाईक करा आणि पैसे मिळवा’ असे संदेश टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर येतात. आधी शंभर-दोनशे रुपये खरेच जमा होतात, मग ‘टास्क’साठी पैसे भरायला सांगितले जातात, आणि भरलेले पैसे कधीच परत येत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा अर्धवेळ नोकरीच्या नावाखाली गंडवणाऱ्या शंभरावर संकेतस्थळांवर बंदी घातली होती. नावे बदलून ती परत येतातच. कोणी फसले तर लाजेने गप्प बसू नये, त्याच तासात १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते, नंतर ती झपाट्याने कमी होते.

शेअर बाजाराच्या सट्ट्याचे वेडही आता तालुक्याच्या गावापर्यंत आले आहे. मधल्या सुट्टीत मोबाइलवर ऑप्शन्सचे आकडे पाहणारे शिक्षक आणि कारकून आम्हाला माहीत आहेत. सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशेब काढला, तेव्हा फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात निघाले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर गेला. शासकीय कर्मचाऱ्याला तर सेवा नियमांनीच सट्ट्याला मनाई आहे. ही कमाई नाही. पगार जाळण्याचा हा रस्ता आहे, आणि तो दाखवणाऱ्या क्लासवाल्यांची फी मात्र आगाऊ घेतलेली असते. पतसंस्था आणि मल्टिस्टेट बुडाल्यामुळे मराठवाड्यातल्या हजारो ठेवीदारांनी काय भोगले, ते ताजे असताना तरी जादा व्याजाच्या आमिषाला भुलू नये.

पुण्यात हिंजवडीला नोकरी करणारी आपली मुले वेगळ्या पेचात आहेत. २०२२ मध्ये विप्रोने दुसऱ्या कंपनीचे काम केल्याबद्दल ३०० जणांना काढले, आणि त्याच सुमारास स्विगीने आपल्या कर्मचाऱ्यांना अटी घालून बाहेरचे काम करायला मोकळीक दिली. मुलांनी करारपत्र नीट वाचून सही करावी, एवढेच त्यांना सांगणे.

परभणीकडे मात्र एक साधन असे आहे, जे फार थोड्या जिल्ह्यांकडे आहे. १८ मे १९७२ रोजी इथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ‘परभणी क्रांती’ भेंडी इथलीच. रेशीम संशोधन, अन्नतंत्र आणि सामुदायिक विज्ञान यांचे काम या आवारात चालते. मसाला किती दिवस टिकेल, पापडाला कोणते पाकीट हवे, कोषाला रोग लागला तर काय करायचे, हे सांगणारी माणसे शहरातल्या कोणत्याही घरापासून काही किलोमीटरवर आहेत. अडचण एकच: प्रशिक्षणे कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत होतात. नोकरदाराला आणि घरच्या बाईला ती वेळ नसते. रविवारी आणि संध्याकाळी सहा ते आठ असे वर्ग विद्यापीठाने सुरू केले, तर ते पहिल्याच महिन्यात भरतील. छोट्या घरगुती खाद्य उद्योगाला अन्नसुरक्षेची नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत मिळते, हेही अनेकींना माहीत नाही. ते त्याच वर्गात सांगता येईल. आणखी एक गोष्ट तिथे सांगितली गेली पाहिजे. पगाराबरोबर धंद्याचे उत्पन्न असेल तर आयटीआर-१ हा फॉर्म चालत नाही. कोषविक्रीचे पैसे शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त धरता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा निकाल आहे. कर द्यावा लागला तर तो देऊन मोकळे व्हावे. विवरणपत्रात दाखवलेल्या उत्पन्नावर बँक उद्या कर्ज देते, आणि साहेबापुढे मान खाली घालावी लागत नाही.

शरीराचाही हिशेब आहेच. पहाटे चारला उठून रात्री अकराला निजणारा माणूस वर्ष-दोन वर्षे तसे काढतो. मग रक्तदाब येतो, साखर वाढते, रात्री गाडीवर डोळा लागतो. घरात लेकरे मोठी होतात आणि बापाला ती फक्त निजलेली दिसतात. जादा कमावलेल्या पैशातून दवाखान्याचे बिल भरावे लागले, तर हाती काय राहिले, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरी बसून करावा. आठवड्यातला एक दिवस तरी मोकळा ठेवावा, आणि तो खरोखर मोकळा ठेवावा.

पण हा उपदेश ऐकण्याची चैन पगार वेळेवर मिळणाऱ्यालाच परवडते. म्हणून आमचे मुख्य मागणे कर्मचाऱ्याकडे नाही, पगार देणाऱ्याकडे आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने, पतसंस्थेने, नगरपालिकेने आणि कंत्राटदाराने आपल्या दर्शनी फलकावर दर महिन्याला एवढे लावावे: किती लोक कामावर आहेत, त्यांचा मागचा पगार किंवा मानधन कोणत्या तारखेला झाले, आणि किती महिन्यांचे थकले आहे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचे बिल आणि आशांचे मानधन यांनाही तोच नियम लावावा. याला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी एक पत्र काढले तरी सरकारी यंत्रणेत त्याची सुरुवात होऊ शकते. संस्थाचालकांनी तर त्या पत्राचीही वाट पाहू नये. बी. रघुनाथांच्या नावाने आज जे व्यासपीठावर बसतील, त्यांतले काही जण स्वतः संस्था चालवतात. त्यांनी पहिला फलक येत्या १ ऑक्टोबरला लावावा, अशी आमची त्यांना जाहीर विनंती आहे.